सोरेंतोच्या कड्यावर एक आठवडा: घर कसं निवडावं आणि रोज कुठे जावं

आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यामुळे इटलीत समुद्रकाठचं घर शोधताना मी प्रत्येक मालकाला सगळ्यात आधी पायऱ्या विचारत होते. रस्त्यापासून फाटकापर्यंत किती, फाटकापासून दारापर्यंत किती, आणि दारापासून पाण्यापर्यंत किती? उत्तरं वाचून छाती दडपली. फोटोत समुद्र खिडकीला टेकलेला दिसायचा आणि तिथवर उतरायला दोनशेवर पायऱ्या असायच्या. नेपल्सच्या दक्षिणेला सोरेंतोचा हा किनारा असाच आहे. डोंगर सरळ पाण्यात उतरतो, गावं कड्याला चिकटून बसलेली, आणि आपल्या कोकणासारखी लांबच लांब वाळू जवळपास नाहीच. हे आधी माहीत असेल तर सहल सुखाची होते.

आम्ही सहा जण होतो: मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. आठ दिवस एकाच घरात राहिलो आणि तिथून एक दिवस आड बाहेर पडलो. हा ‘एक दिवस आड’चा नियम मी आग्रहाने सांगेन. रोज फिरायचं असेल तर स्वयंपाकघर, गच्ची आणि लिंबाची बाग असलेल्या घराचे पैसे कशाला मोजायचे? हॉटेल स्वस्त पडेल.

मुक्काम कुठे करायचा

बहुतेकांच्या मनात पोझितानो असतं. गाव देखणं आहे, पण मुक्कामाला मी ते सुचवणार नाही, कारण तिथे रेल्वे नाही. बाहेर पडायचं तर अरुंद वळणांच्या रस्त्यावरची बस किंवा बोट, आणि गावातल्या गावात सगळा चढउतार. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर सोरेंतो, सांत’आन्येल्लो, मेता हा पट्टा घ्या. इथे कड्याच्या माथ्यावर बऱ्यापैकी सपाटी आहे. नेपल्सला जाणारी चिर्कुमवेसुव्हियाना ही लोकल इथूनच सुटते आणि सोरेंतोच्या धक्क्यावरून काप्री बेट, पोझितानो, अमाल्फी सगळीकडे बोटी मिळतात. शांतता हवी असेल आणि गुडघे धड असतील तर पुढच्या टोकाकडे मास्सा लुब्रेन्से पाहा. तिथली घरं ऐसपैस आहेत, ऑलिव्हच्या बागा आहेत, पण प्रत्येक सहलीला आधी बसने सोरेंतोपर्यंत यावं लागतं.

कधी जायचं आणि व्हिसाचं काय

मे महिन्याचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्टीला पहिला काळ नेमका जुळतो. मेच्या अखेरीस समुद्राचं पाणी गार असतं, मुलं तरीही पोहतात, मोठी माणसं काठावर बसतात. २ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन, त्याच्या आगेमागे गर्दी वाढते. ऑगस्ट मात्र टाळाच. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या आसपास अख्खा इटली समुद्रावर असतो, भाडी चढलेली असतात आणि रस्ते तुंबलेले.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळत नाहीत, म्हणून मेमध्ये जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागा. मोठ्यांना ९० युरो शुल्क आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. किमान ३०,००० युरोंचा प्रवास वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने तरी चालू हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. भाड्याचं घर असेल तर एक गोष्ट हमखास राहून जाते: मालकाकडून मिळणाऱ्या बुकिंगच्या पत्रावर सहाही जणांची नावं पासपोर्टप्रमाणे हवीत. पुष्कळदा तिथे फक्त पैसे भरणाऱ्याचं नाव असतं. आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत मिळण्याची सोय असलेलंच बुकिंग करा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाच्या वेळी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. त्यामुळे विमानतळावर उतरल्यानंतरच्या ट्रेनचं तिकीट अगदी खेटून काढू नका.

घर निवडताना

जाहिरातीत ‘व्हिला’ लिहिलेलं असलं तरी पुष्कळदा तो मोठ्या बंगल्याचा एक मजला असतो आणि बाग, पूल इतरांबरोबर वाटून घ्यायचे असतात. पूर्ण घर मिळणार का, हे स्पष्ट विचारा. काही इटालियन शब्द लक्षात ठेवले तर जाहिरात नीट वाचता येते. ‘व्हिस्ता मारे’ म्हणजे समुद्र दिसतो, कितीही लांबून. ‘फ्रोन्ते मारे’ म्हणजे समोरच समुद्र. ‘दिशेसा आ मारे’ म्हणजे समुद्राकडे उतरणारी वाट, आणि ही वाट जवळजवळ नेहमी पायऱ्यांचीच असते. उतरताना मजा वाटते. दुपारी उन्हात, ओले टॉवेल आणि पेंगुळलेलं पोर घेऊन चढताना कळतं.

इटलीत १ जानेवारी २०२५ पासून अल्पकाळ भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक सक्तीचा आहे. तो जाहिरातीत आणि इमारतीच्या दाराशी लावलेला असावा लागतो. ज्या जाहिरातीत हा क्रमांक नाही आणि विचारल्यावरही मालक तो देत नाही, ते घर सोडून द्या. फसवणुकीपासून वाचायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

आता विजेचं. इटलीतल्या घरगुती वीजजोडणीची मर्यादा बहुधा ३ किलोवॉटची असते. ओव्हन, कपडे धुण्याचं यंत्र आणि एसी एकाच वेळी लावले की सगळं घर अंधारात. आमच्याकडे दुसऱ्याच संध्याकाळी हे झालं. मुख्य कळ बागेच्या फाटकाजवळच्या पेटीत होती आणि ती शोधण्यात अर्धा तास गेला. घराचा ताबा घेतानाच ती पेटी दाखवायला सांगा. एसी नेमक्या कोणत्या खोल्यांत आहे, त्याचे वेगळे पैसे आहेत का, हेही आधी विचारा. छताला पंखे नसतात आणि डास असतात, म्हणून डास पळवण्याचं मशीन न्या. आपले जाड तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत. एक चांगला अडॅप्टर आणि इथूनच नेलेला एक्स्टेंशन बोर्ड एवढ्यात सहा जणांचे फोन भागतात.

भाड्याव्यतिरिक्त शेवटची साफसफाई, अनामत रक्कम आणि माणशी दर रात्रीचा पर्यटन कर असे खर्च असतात. हा कर पुष्कळ ठिकाणी रोख मागतात, त्यासाठी सुटे युरो बाजूला ठेवा. मालक सर्वांचे पासपोर्ट मागेल. पोलिसांकडे पाहुण्यांची नोंद करणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उन्हाळ्याच्या ऐन हंगामात घरं बहुधा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात, तेव्हा विमानाची तिकिटं त्याप्रमाणे काढा. पूल असेल तर तो कोणत्या तारखेपासून भरलेला असतो हे विचारायला विसरू नका, मेमध्ये तो रिकामाही असू शकतो.

स्वयंपाकघर

युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर, खवा सगळं घरीच ठेवायचं. ताजा कढीपत्ताही नको, ताज्या पाल्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, मुगाची डाळ, पोहे हे कोरडं सामान आम्ही नीट बंद पाकिटांतून नेलं. छोटा कुकर सामानाच्या बॅगेत टाकला, पण त्याआधी शेगडी गॅसची आहे का हे विचारलं होतं. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही.

बाकी सगळं तिथे मिळतं, आणि काय मिळतं! टोमॅटो, वांगी, झुकिनी, तुळशीच्या कुळातली बेसिलची जुडी, आणि लिंबं तर तळहाताएवढी. सोरेंतोच्या लिंबांना भौगोलिक मानांकन आहे. साल जाड, सुगंधी आणि रस आपल्या लिंबापेक्षा सौम्य. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी त्यांचं उपासाचं गोड लोणचं घातलं, ते आठवडा संपायच्या आत फस्त झालं. गावातली छोटी दुकानं दुपारी एक-दीडला बंद होतात आणि साडेचार-पाचला उघडतात. शनिवारी घरात शिरत असाल तर रविवारचा दूध-ब्रेड त्याच संध्याकाळी आणून ठेवा. नळाचं पाणी पिता येतं.

बाहेर खाताना शाकाहारी मंडळींची या भागात उपासमार होत नाही. बटाट्याच्या गोळ्यांची नोक्की आल्ला सोरेन्तिना, वांग्याची पार्मिजाना, मोझ्झारेल्लाचं काप्रेझे, आणि चीज नको असेल तर नुसती टोमॅटो-लसणाची मरिनारा पिझ्झा. नेरानो गावची झुकिनीची स्पॅगेटी चुकवू नका. मात्र ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको, हे प्रत्येक वेळी सांगा. ‘आच्चुगे’ हे छोटे मासे भाजीतसुद्धा लपलेले असतात. कडक शाकाहारी असाल तर पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं हेही ठाऊक असू द्या. बिलात ‘कोपेर्तो’ ही माणशी ठरलेली रक्कम दिसेल, ती बसण्याची आकारणी आहे.

यायचं कसं, फिरायचं कसं

रोमहून नेपल्सला वेगवान ट्रेनने सव्वा तासाच्या आत पोचता येतं. नेपल्सच्या मुख्य स्टेशनाखालच्या गारिबाल्दी स्थानकावरून चिर्कुमवेसुव्हियाना पकडली की सोरेंतो साधारण सव्वा तास. ही गाडी मुंबई लोकलची आठवण करून देते: राखीव जागा नाही, बॅगा ठेवायला कप्पे नाहीत, गर्दी आहे आणि खिसेकापूही आहेत. सहा जण आणि आठ बॅगा असतील तर पहिल्या दिवशी हा प्रयोग नको. विमानतळावरून थेट सोरेंतोची बस आहे. किंवा चालकासह गाडी ठरवा, तिथे त्याला ‘एनसीसी’ म्हणतात. सहा जणांत विभागली की ती फारशी महाग पडत नाही.

स्वतः गाडी चालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पोझितानो-अमाल्फीचा एसएस १६३ रस्ता एकोणिसाव्या शतकात बांधलेला. दोन बस समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. हंगामात गर्दीच्या दिवशी गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम की विषम यावर प्रवेश ठरतो आणि भाड्याच्या गाडीलाही तो नियम लागतो. गावांच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीचे विभाग आहेत. चुकून शिरलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. तरीही चालवायचंच असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि मूळ परवानाही जवळ ठेवा.

सिता कंपनीच्या बस सोरेंतो स्टेशनसमोरून सुटतात. तिकीट तंबाखूच्या दुकानात आधी काढायचं आणि बसमध्ये यंत्रात घालून ठसा मारून घ्यायचा. ठसा नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. अमाल्फीकडे जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला. वळणांमुळे मळमळतं, आवळा सुपारी किंवा आल्याची वडी हाताशी असू द्या. बस सुरुवातीच्या थांब्यावरच पकडा, कारण पोझितानोला येईपर्यंत ती भरलेली असते आणि थांबतच नाही.

काप्री: समुद्र शांत असेल त्या दिवशी

सोरेंतोच्या मरीना पिक्कोला धक्क्यावरून काप्री साधारण अर्ध्या तासात येतं. आठवड्यातला कोणता दिवस काप्रीला द्यायचा हे कॅलेंडर पाहून ठरवू नका, सागरी हवामान पाहून ठरवा. तीन शब्द पुरतात: ‘काल्मो’ म्हणजे शांत, ‘पोको मोस्सो’ म्हणजे थोडी लाट, ‘मोस्सो’ म्हणजे खवळलेला. मोस्सो असेल तर काप्रीची प्रसिद्ध समुद्री ‘निळी गुहा’ हमखास बंद आणि बोटीही रद्द होऊ शकतात. म्हणूनच काप्री शेवटच्या दिवशी ठेवायचं नाही.

पहिल्या बोटींपैकी एखादी घ्या. उतरल्यावर सगळी गर्दी केबल रेल्वेच्या रांगेत जाते. तुम्ही आधी बसने अनाकाप्री गाठा आणि तिथून मोन्ते सोलारो डोंगरावर नेणारी, तारेवरून सरकणारी खुर्ची पकडा. एकेकाची उघडी खुर्ची, तेरा-एक मिनिटं, आणि माथा ५८९ मीटरवर. खाली फाराल्योनीचे सुळके, पलीकडे व्हेसुव्हियस ज्वालामुखी. सासूबाईंना खुर्चीची भीती वाटत होती, त्या खाली थांबणार होत्या. शेवटी डोळे मिटून बसल्या आणि वर गेल्यावर उतरायला तयार होईनात. ज्यांचे पाय चांगले आहेत त्यांनी दुपारी व्हिला योव्हिसपर्यंत चालावं. रोमन सम्राट तिबेरियसने आपली शेवटची दहा वर्षं या बेटावरून राज्य केलं, त्याच्या राजवाड्याचे अवशेष तिथे आहेत. आमच्या वेळी निळी गुहा बंद होती. चुकल्याचं वाईट वाटलं, पण त्या वाचलेल्या दोन तासांत ही चाल झाली.

पॉम्पेई की हर्क्युलेनियम

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने गाडलेली ही दोन्ही गावं लोकलच्या एकाच मार्गावर आहेत. पॉम्पेईसाठी ‘पॉम्पेई स्कावी’ स्थानक, दार शेजारीच. दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा असून तिकिटावर नाव असतं, म्हणून तिकीट आधी काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही. सकाळी नऊला आत असाल तर बारापर्यंत निघता येतं. त्यानंतर ऊन आणि दगड दोन्ही तापतात, सावली नाही. बाटल्या भरून घ्यायला आत पाण्याचे नळ आहेत.

वयस्कर माणसं असतील तर मी हर्क्युलेनियम सुचवेन. एर्कोलानो स्कावी स्थानकापासून उतारावर दहा मिनिटं. जागा लहान, दोन तासांत पाहून होते. इथे राख-वायूच्या तप्त लोटाने लाकूडसुद्धा कोळशासारखं होऊन टिकलं आहे. दरवाजे, तुळया, पलंग, वरचा मजला दिसतो. जुन्या किनाऱ्यावरच्या बोटींच्या कमानींत आसऱ्याला आलेल्या सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे सापडले. त्या कमानींसमोर मुलं आपोआप गप्प झाली.

अमाल्फी आणि रावेल्लो

जाताना बोट, येताना बस. उलट केलं तर सकाळच्या बसची गर्दी आणि संध्याकाळी शेवटची बोट चुकायची धास्ती. अमाल्फी एकेकाळी सागरी प्रजासत्ताक होतं, व्हेनिसच्याही आधी भरभराटीला आलेलं. कॅथेड्रलच्या ६२ पायऱ्या चढा, आत संत अँड्र्यूचे अवशेष आहेत. चिंध्यांपासून हातकागद करणारी जुनी गिरणी आता संग्रहालय आहे, मुलांना स्वतः कागद उचलून पाहता येतो. पण खरा वेळ वरच्या रावेल्लोला द्या. तिथली व्हिला रुफोलोची बाग आणि व्हिला चिम्ब्रोनेची शेवटची गच्ची, तीनशेहून अधिक मीटर उंचीवरून दिसणारा किनारा. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर चिम्ब्रोने.

चांगलं चालणाऱ्यांसाठी बोमेरानो ते नोचेल्ले ही ‘देवांची वाट’ आहे, सुमारे सहा-सात किलोमीटर, तीन तास. नोचेल्लेहून खाली जवळपास १,७०० पायऱ्या उतरायच्या असतात, तिथे बसही मिळते. माझ्या नवऱ्याने मोठ्या मुलाला घेऊन ती केली आणि दुसरा दिवस दोघं बागेत पाय वर करून पडले होते.

घरच्या दिवशी पोहायला

वाळू नाही हे सांगितलंच. सोरेंतोत समुद्रात बांधलेल्या लाकडी फळ्यांवर छत्री आणि खाट भाड्याने मिळते. ‘स्पियाज्या लिबेरा’ म्हणजे फुकटचा किनारा, तो छोटा आणि खडकाळ. पाण्यात घालायचे बूट सर्वांना घ्या, खडकांवर काटेरी समुद्री अर्चिन असतात. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. पिवळा म्हणजे वारा जोराचा. आपत्कालीन क्रमांक ११२, समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दल १५३०. कापो दी सोरेंतोजवळ रोमन व्हिलाच्या अवशेषांमध्ये खडकांनी वेढलेला नैसर्गिक तलाव आहे. सकाळी नऊच्या आत गेलात तर तो जवळजवळ तुमचाच.

निघण्याचा दिवस

घर सहसा सकाळी दहापर्यंत सोडायचं असतं. कचरा ओला, प्लॅस्टिक, कागद, काच असा वेगळा करून ठरल्या वारीच बाहेर ठेवतात. मालकाकडून हा तक्ता पहिल्याच दिवशी घ्या, नाहीतर अनामतीतून पैसे कापले जातात. मग नेपल्सच्या मुख्य स्टेशनवर सामान ठेवा आणि मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गाने ‘म्युझिओ’ स्थानकावर उतरा. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

तिथे पॉम्पेईची भित्तिचित्रं आणि मोझाइक आहेतच, पण मला पाहायची होती ती वीतभरापेक्षा थोडी मोठी हस्तिदंती बाई. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात ती सापडली आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून प्रसिद्ध झाली. ती यक्षी असावी असं आता अनेक अभ्यासक मानतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात आणि धाराशिवच्या तेरमध्ये अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत, त्यामुळे ही आपल्या दख्खनमधूनच व्यापाराच्या वाटेने गेली असावी असा अंदाज आहे. उलट बाजूने कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला रोमन समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली आहे. संग्रहालयातली ती हस्तिदंती मूर्ती ‘गुप्त दालना’त ठेवलेली असते. तिथे शृंगारिक वस्तू आहेत, चौदा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबतच सोडतात, म्हणून आम्ही आळीपाळीने गेलो. दालन उघडं आहे का आणि मूर्ती जागेवर आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा. सासरे भोकरदनजवळचेच. ते काचेसमोर बराच वेळ उभे होते, आणि रोमची गाडी आम्ही धावतपळत पकडली. तुम्ही संग्रहालयाला तीन तास ठेवा.